वावर विकू नका, आधी सूनबाईंचं माती खाणं थांबवा

वाचकाचं पत्र

मॅडम, नमस्कार. आमचं पूर्व विदर्भात चार एकर वावर आहे. वीज केंद्राचा राखेचा तलाव तिथून दीड-दोन किलोमीटर. उन्हाळ्यात वारं सुटलं की ओसरीवर, भांड्यांवर राखेचा थर बसते. अंगणात पावसाळ्यात चिखल होते म्हणून दोन वर्षांपूर्वी आम्हीच राखड आणून भरती केली. मागच्या महिन्यात एक माणूस गावात आला, वावरातली माती तपासायला घेऊन गेला. रिपोर्टात शिसं २२, आर्सेनिक ५, कॅडमियम ०.३ असे आकडे आहेत आणि प्रत्येकासमोर लाल अक्षरात ‘आढळले’. तो म्हणते, आमची मातीशुद्धीची पावडर टाका, नाहीतर या मातीतलं खाऊ नका. मुलगा नॅनो युरिया फवारते, कीटकनाशकही त्याच पंपात टाकते. शेजारचे म्हणतात नॅनोचे कण रक्तात जाऊन बसतात. नातू दोन वर्षांचा आहे, दिवसभर अंगणात खेळते. सून पाचव्या महिन्याची आहे, तिला मातीचे डोहाळे लागले, न्हाणीमागच्या भिंतीची पांढरी माती खाते. आमच्याही वेळी बाया खातच होत्या. मालक म्हणतात वावर विकून टाकू. आमच्या लेकरांना या मातीनं काही होईल का?
— एक आजी (नाव छापू नये)

उत्तर

ताई, नमस्कार.

वावर, रिपोर्ट, पावडर, नॅनो यांबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि सूनबाई भिंतीची माती खातात हे शेवटी एका ओळीत उरकलंत. मी मात्र तिथूनच सुरुवात करणार आहे. तुमच्या घरात आज ज्या गोष्टीची खरी घाई आहे ती हीच.

त्याआधी रिपोर्टाचं बघू, म्हणजे घाई का हे कळेल. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम हे जमिनीतले मूळचेच घटक. जगातली कुठलीही माती चांगल्या यंत्रात घातली तर ते थोडेफार ‘आढळणारच’. त्यामुळे त्या लाल अक्षरांना घाबरू नका. शिशाचा २२ हा आकडा म्हणजे एक किलो मातीत २२ मिलीग्रॅम. साध्या, कुठलाही कारखाना जवळ नसलेल्या जमिनीतही एवढं शिसं सापडतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये घराभोवतीच्या मातीसाठी शिशाची तपासणी-पातळी (जिच्यावर गेलं की पुढचा तपास करायचा) बरीच कडक केली, तरी ती किलोला २०० मिलीग्रॅम आहे. आर्सेनिकचा ५ आणि कॅडमियमचा ०.३ हे आकडेही नेहमीच्या जमिनीतलेच आहेत.

पण मातीत काय आहे हा अर्धाच प्रश्न झाला. ते माणसाच्या अंगात कोणत्या वाटेने, किती आणि किती दिवस जातं, यावर धोका ठरतो. वावरात असलेलं शिसं वावरात राहिलं तर कोणाला काही करत नाही. तोंडावाटे, श्वासावाटे, पाण्यातून, भाजीतून ते आत यायला हवं. आरोग्याचा धोका मोजणारे लोक हाच हिशेब करतात, आणि तो तुम्हीआम्हीही करू शकतो.

नातवाचा करून पाहू. अंगणात खेळणारं लेकरू हात तोंडात घालतं, खाली पडलेली पोळी उचलून खातं. असं नकळत दिवसाला साधारण २०० मिलीग्रॅम माती त्याच्या पोटात जाते असं हे हिशेब धरतात. म्हणजे एक ग्रॅमचा पाचवा भाग, चिमूटभरसुद्धा नाही. तुमच्या रिपोर्टातल्या मातीच्या एक ग्रॅममध्ये ५ मायक्रोग्रॅम (मायक्रोग्रॅम म्हणजे मिलीग्रॅमचा हजारावा भाग) आर्सेनिक आहे. पाचव्या भागात १ मायक्रोग्रॅम. आता पाण्याशी ताडून पाहा. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे नियमात बसणारं एक लिटर पाणी प्यायलं तरी मातीच्या दहापट आर्सेनिक जाऊ शकतं. शिवाय मातीला घट्ट धरून बसलेलं सगळंच काही आतड्यात सुटत नाही, बरंचसं शौचावाटे निघून जातं.

आता हाच हिशेब सूनबाईंचा करा. भिंतीचे सुपारीएवढे दोन-तीन खडे रोज खाल्ले तर वीस ग्रॅम माती सहज पोटात जाते. नातवाच्या शंभरपट. मातीत शिसं २२ च असलं तरी दिवसाला ४४० मायक्रोग्रॅम शिसं आणि १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक. मातीचा रिपोर्ट तोच, आकडे तेच, पण एकीकडे काळजीचं कारण जवळजवळ नाही आणि दुसरीकडे पुष्कळ आहे. शिवाय सूनबाई खातात ती भिंतीची माती, आणि तपासली गेली ती वावरातली. भिंतीच्या मातीत काय आहे, त्यावर जुन्या रंगाचे पापुद्रे आहेत का, न्हाणीचं पाणी मुरतं का, हे त्या कागदात कुठेच नाही.

गरोदरपणात शिसं फार वाईट. ते वार (पोटातल्या बाळाला पोसणारा भाग, प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जातं आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीत अडथळा आणतं. शिशाची कुठलीही पातळी निर्धोक म्हणून ठरवता आलेली नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची स्पष्ट भूमिका आहे. आणि यात एक फास आहे. मातीची ओढ लागते त्या बायांमध्ये रक्त कमी असणं फार वेळा दिसतं. अंगात लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढून घेतं. वर ती माती जेवणातलं लोह आतड्यातच धरून ठेवते, म्हणजे रक्त आणखी कमी होतं आणि ओढ आणखी वाढते.

तुमच्या वेळी बाया खात होत्या हे खरं आहे. मीही माझ्या आजोळी चुलीची भाजकी माती खाणाऱ्या बाया पाहिल्या आहेत. पण त्यांच्यातल्या किती जणींना बाळंतपणात रक्त कमी पडलं, किती पोरं अशक्त जन्मली, याची नोंद कोणी ठेवली नव्हती. म्हणून ‘काही झालं नाही’ असं आपण म्हणतो ते कशाच्या आधारावर, हा विचार करा. सूनबाईंना रागावू मात्र नका. लाज वाटली की ती लपून खाईल, आणि मग कोणालाच कळणार नाही. आशाताईंना घरी बोलवा, उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासा. गरोदरपणात ते ११ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस रोज मिळते. ती मिळते का, हे विचारून थांबू नका. ती पोटात जाते का ते पाहा. बऱ्याच घरांत गोळ्यांची पाकिटं फळीवर तशीच पडलेली असतात, कारण गोळीने मळमळतं. रात्री जेवणानंतर घेतली तर त्रास कमी होतो. चहासोबत घेऊ नये, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. जंताचं औषध कधी द्यायचं ते डॉक्टरांना विचारा, कारण मातीतून जंताची अंडीही पोटात जातात. आणि माती खाल्ल्याचं डॉक्टरांना मोकळेपणाने सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करावी का, हे विचारा. रक्तात डेसीलिटरला (म्हणजे १०० मिलीलिटरला) ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर शिसं कुठून येतं ते शोधून ती वाट बंद करावी, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. शोधताना मातीवरच थांबू नका. सुटी हळद (पिवळीधमक दिसावी म्हणून तीत शिशाचा रंग मिसळल्याचे प्रकार झाले आहेत), डोळ्यांत घालायचा सुरमा, घरात फोडलेली जुनी बॅटरी, हेही पाहा.

ओढ लागली की तोंडात टाकायला काहीतरी हवंच. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, आवळ्याची सुपारी जवळ ठेवा. आणि त्या भिंतीवर या आठवड्यात सिमेंटचा पातळ गिलावा मारून टाका.

नातवाकडे परत येऊ. त्याचा हिशेब वर मी वावरातल्या मातीवर केला, पण तो वावरात खेळत नाही. तो राखडीच्या अंगणात खेळतो. आपल्याकडच्या कोळशात राखच फार, शंभर किलो कोळशातून तीस-चाळीस किलो राख निघते. भट्टीच्या धगीत आर्सेनिकसारखे घटक वाफ होऊन उडतात आणि थंड होताना राखेच्या अगदी बारीक कणांवर जाऊन बसतात. म्हणजे जी धूळ सगळ्यात सहज उडते आणि फुप्फुसात खोल जाते, तिच्यावरच ते जास्त असतात. म्हणून अंगणात राखड उघडी ठेवू नका. पावसाळ्याआधी वरून सहा इंच मुरूम आणि चांगली माती टाकून दाबून घ्या, मग नेहमीसारखं सारवा. तोपर्यंत कोरडा झाडू मारू नका, आधी पाणी शिंपडा. नातवाची नखं कापत जा आणि खाण्याआधी साबणाने हात धुवा. हे उपाय साधे आहेत म्हणून कमी समजू नका, लेकराच्या पोटात जाणारी माती यांनीच खरी कमी होते. लहान लेकराचं आतडं शिसं मोठ्या माणसाच्या चार-पाचपट शोषतं, म्हणून एवढं सांगते आहे.

अंगणाची माती तपासायची असेल तर नमुना घ्यायची रीत वेगळी. जमीन आरोग्य पत्रिकेसाठी आपण इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा खड्डा करून पंधरा सेंटिमीटरपर्यंतची माती घेतो, कारण पिकाची मुळं तिथे असतात. लेकराच्या हाताला लागते ती वरची दोन-तीन सेंटिमीटर. राख बसते तीही वरच. खोल नमुना घेतला तर खालच्या स्वच्छ मातीत मिसळून आकडा खोटाच कमी येतो. तेव्हा अंगणातल्या आठ-दहा जागांवरची फक्त वरची माती स्वच्छ प्लास्टिकच्या चमच्याने खरवडा, एकत्र करा, कागदावर सावलीत वाळवा. पत्र्याचं टमरेल किंवा गंजलेलं खुरपं वापरू नका. भिंतीच्या मातीचा नमुना वेगळ्या पिशवीत. आणि ज्याला पावडर विकायची आहे त्याच्याकडे तपासणी कधीच देऊ नका. एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली प्रयोगशाळा बघा. नागपूरला तशा सोयी आहेत, नीरीसारखी पर्यावरण संशोधनाची राष्ट्रीय संस्थाही तिथेच आहे, कुठे काय तपासून मिळेल ते तिथे विचारता येईल.

‘आमची जमीन आरोग्य पत्रिका चांगली आली आहे’ असं अनेक शेतकरी मला सांगतात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या त्या पत्रिकेत बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. त्यात शिसं नाही, आर्सेनिक नाही, कीटकनाशकांचे अंश नाहीत. ती पत्रिका पिकाची आहे, माणसाच्या आरोग्याबद्दल ती काही बोलतच नाही.

आता पाणी. तुमच्या पत्रात पाण्याचा शब्दही नाही, आणि मला मातीपेक्षा पाण्याची काळजी जास्त वाटते. आपली काळी चिकण जमीन चुनखडीची, सामू आठच्या आसपास. अशी जमीन शिसं आणि कॅडमियम घट्ट धरून ठेवते, पिकाला सहजासहजी देत नाही. ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे. पण फ्लोराइडचं उलटं, अशा जमिनीत आणि खडकात ते पाण्यात जास्त सुटतं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांनी पिवळे, डागाळलेले दात आणि वाकलेली हाडं पाहिली आहेत. आर्सेनिकही अशा जमिनीत शिशाइतकं बांधलेलं राहत नाही. आणि राखेच्या तलावातलं पाणी झिरपतं, कधी बांधही फुटतो. नागपूरजवळ खसाळ्याच्या राख तलावाचा बांध २०२२ च्या जुलैतल्या पावसात फुटला आणि राखेचा गाळ आसपास पसरला. म्हणून तुम्ही ज्या हातपंपाचं किंवा विहिरीचं पाणी पिता, ते ग्रामपंचायतीमार्फत भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा. फ्लोराइड (लिटरला १ मिलीग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरं पाणीच नसेल तर १.५ पर्यंत) आणि नायट्रेट (४५ पर्यंत) नेहमीच्या तपासणीत येतात. आर्सेनिक आणि शिसं मात्र अर्जात नाव घालून मागा. पाणी उकळून यातलं काही जात नाही, उलट आटल्याने थोडं वाढतं.

भाजीबद्दल थोडक्यात. सगळ्यात जास्त कॅडमियम पालेभाजी ओढते आणि धूळही तिच्यावरच बसते. अंबाडी, पालक, सांबार (कोथिंबीर) राखेच्या बाजूच्या धुऱ्यावर (बांधावर) न लावता घराच्या आडोशाला लावा, आणि दोन-तीन पाण्यांतून धुवा. वांगी, भेदरं (टोमॅटो), भेंडी, तूर, हरभरा यांचा धोका त्या मानाने कमी. तुमच्या रिपोर्टातल्या आकड्यांवर वावरातलं धान्य खायला मला काही हरकत दिसत नाही.

मुलाच्या फवारणीचं शेजाऱ्यांनी अर्धवट ऐकलं आहे. नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचा कण. आपला केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. इतक्या बारीक कणाचा धोका नुसत्या वजनावर मोजून भागत नाही हे खरं. तेवढ्याच वजनात कण जितके बारीक तितका त्यांचा एकूण पृष्ठभाग जास्त, आणि श्वासावाटे ते फुप्फुसाच्या अगदी तळाशी पोचू शकतात. म्हणून कण कशाचा आहे, पाण्यात विरघळतो की नाही, त्यावर लेप कसला आहे, हे सगळं पाहावं लागतं. भारतातही शेतीतल्या नॅनो पदार्थांची तपासणी कशी करावी याची मार्गदर्शक तत्त्वं जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये काढली आहेत.

पण सगळे नॅनो एका माळेचे मणी नव्हेत. चांदी किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे कण सहज विरघळत नाहीत, टिकून राहतात, त्यांच्याबद्दल सावध राहणं योग्यच. टायटॅनियम डायऑक्साइड खाण्याच्या पदार्थांत घालायला युरोपने २०२२ मध्ये बंदी घातली. नॅनो युरिया म्हणजे मात्र शेवटी युरियाच. तो विरघळतो, पानात आणि मातीत त्याचं अमोनिया-नायट्रेट होतं, आणि युरिया तर आपलं यकृतही रोज बनवतं नि लघवीवाटे टाकतं. तो रक्तात ‘जाऊन बसत’ नाही. पिकाला तो किती पुरतो हा वेगळा वाद आहे. सुरुवातीच्या ४ टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बाटलीत २० ग्रॅम नत्र, तर ४५ किलोच्या गोणीत २० किलोहून जास्त. एवढं मुलाला सांगा आणि गोणी पूर्ण बंद करण्याआधी कृषी विद्यापीठाची शिफारस विचारायला लावा.

मला भीती आहे ती त्याच पंपात ओतलेल्या कीटकनाशकाची. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत (कपाशीत), दोन-तीन औषधं एकत्र करून, उघड्या अंगाने फवारणी चालली होती. हे आपल्या जिल्ह्यांत घडलं आहे, आणि तरी मी दरवर्षी बनियनवर फवारणारी पोरं पाहते. नॅनो असो की साधं खत, लेबलवर स्पष्ट लिहिल्याशिवाय कीटकनाशकात मिसळू नये. पूर्ण बाह्यांचा सदरा, रबरी हातमोजे, मास्क, चष्मा हवाच. वाऱ्याच्या उलट दिशेने तोंड करून फवारू नये. नोझल तोंडाने फुंकू नये. लेबलवर लाल त्रिकोण असलेलं, म्हणजे सगळ्यात विषारी, औषध शक्यतो घरात आणूच नये. आल्यावर कपडे बाहेरच काढावेत आणि ते सूनबाईंनी धुऊ नयेत, तो स्वतः वेगळे धुवू दे. रिकामी बाटली घरात कशालाही वापरू नये. फवारताना घाम सुटला, लाळ गळू लागली, डोळ्यांपुढे अंधुक झालं तर ‘ऊन लागलं’ म्हणून झाडाखाली झोपवू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना, कारण लेबल पाहून डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो.

राहिली पावडर. शिसं-आर्सेनिक कुजत नाहीत, कुठल्या पावडरने नाहीसे होत नाहीत. फार तर चुना, स्फुरद किंवा सेंद्रिय खत घालून शिशासारखे धातू मातीत जास्त घट्ट बांधता येतात, आणि चुना तुमच्या जमिनीत आधीच भरपूर आहे. ते पैसे शेणखताला आणि अंगणाच्या मुरुमाला लावा. या आकड्यांवर वावर विकणं म्हणजे घाबरून नुकसान करून घेणं होईल, मालकांना माझ्या नावाने सांगा.

राख उडते त्याबद्दल मात्र गप्प बसू नका. ती उडू न देणं हे वीज केंद्राचं काम आहे, तुमचं नाही. ग्रामसभेत ठराव करा, कोणत्या महिन्यांत, कोणत्या दिशेने, किती घरांवर राख येते ते लिहा, तारखेचे फोटो जोडा, आणि जिल्हाधिकारी कार्यालयात व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात देऊन पोच घ्या. २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले आहेत. त्यांत संशयित जागांची माहिती कळवण्याची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आहे, अर्जात त्यांचा उल्लेख करा.

अंगणाचा, भिंतीचा आणि पाण्याचा रिपोर्ट आला की त्याच्या झेरॉक्स मला पाठवा. आकड्यासमोर ‘मिलीग्रॅम’ आहे की ‘मायक्रोग्रॅम’, आणि किलोला आहे की लिटरला, हे प्रयोगशाळेकडून लिहून घ्या. आणि सूनबाईंचं हिमोग्लोबिन किती निघालं तेही कळवा, त्यासाठी रिपोर्टांची वाट पाहू नका.